दोन भिवा

चाळिशी उलटलेला माझा नवरा एका रविवारी ओल्या केसांनी घरी आला आणि उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "दैवशाला, माझा नवा जन्म झाला."

मी म्हटलं, "झाला तर झाला, चपला बाहेर काढ. आत्ताच फरशी पुसली."

आमचं लव्ह मॅरेज, म्हणून मी त्याला नाव घेऊन, अरे-तुरेच करते. माहेरी धावड्याला माझ्या आईला ते अजून खटकतं. त्या दिवशी या नवजात बाळाने नेहमीसारखं दोनदा वरण मागून घेतलं, जेवल्यावर ताट जागेवरच ठेवलं आणि पंख्याखाली आडवं झालं. नवा जन्म म्हणजे काय ते निदान ताटापासून तरी सुरू व्हावं, असं माझं मत. पण मला कोण विचारतंय?

मिथुनचं घराणं पिढ्यान् पिढ्या ख्रिस्ती. जालन्यातली त्यांची मंडळी, म्हणजे चर्चची सभा, जुनी, आणि तिथला रिवाज असा की लेकरू तान्हं असतानाच आईबाप त्याला पुढे घेऊन जातात. चर्चचे पाळक त्याच्या कपाळावर तीनदा पाणी घालतात, लेकरू भोकाड पसरतं, सगळे हसतात, पेढे वाटले जातात. झाला बाप्तिस्मा. मिथुनचाही तसाच झालेला. मात्र गेल्या वर्षापासून तो मस्तगडाकडच्या एका फेलोशिपमध्ये, नव्या प्रार्थनामंडळात, जायला लागला होता. तिथलं म्हणणं वेगळं. तान्ह्या लेकराला कळत नाही, म्हणून तो बाप्तिस्माच नव्हे. माणसानं कळत्या वयात पश्चात्ताप करावा आणि सबंध पाण्याखाली जावं. खाली गेला तो जुना माणूस मेला, वर आला तो नवा जन्मला. आता जालन्यात नळाला पाणी आलं की अख्खी गल्ली बादल्या घेऊन धावते. माणूस बुडेल इतकं पाणी आणायचं कुठून? तर त्यांच्यातल्या एका शेतकऱ्यानं बदनापूरच्या वाटेवरचं आपलं शेततळं देऊ केलेलं. मिथुन तिथं बुडून आला होता.

माझं विचाराल तर मी हिंदूंच्या घरची, शेतकऱ्याची पोर. लग्नाआधी काही महिने पाळकांपुढे बसून शिकले आणि त्याच जुन्या चर्चमध्ये माझ्या डोक्यावर पाणी पडलं. तेव्हा मला सगळं कळलं होतं असं मी म्हणणार नाही. माझं अर्धं लक्ष साडी भिजेल का याकडे होतं. जे काय कळलं ते नंतर, शिलाई मशीनवर बसून, हळूहळू. अजून कळतंय.

मिथुन बुडून आला त्याचं मला काही नव्हतं. जुन्या मंडळीनं त्याचं नाव कमी केलं, त्याचंही त्याला काही नव्हतं. घरात आग लागली ती पुढे, जेव्हा त्यानं बापाच्या मागे लकडा लावला.

माझे सासरे, भिवामामा. पंचाहत्तरीला टेकलेले, एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांना आमच्याकडे 'वडील' म्हणतात, त्यातले ते एक. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर आणि द्राक्षरस वाटतात, तेव्हा पाळकांच्या बाजूला रसाचा प्याला धरून उभे राहायचे ते हेच. सासूबाई, म्हणजे सोनूबाई आत्या, पहिल्या बाकावर बसून नवऱ्याकडे अशा बघायच्या की जणू तो प्याला त्यांनीच घडवलाय. त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या. मंडळीच्या कब्रस्तानात त्यांच्या शेजारी मामांसाठी जागा सोडलेली आहे. दर रविवारी चर्च सुटलं की मामा तिकडे जाऊन गवत उपटायचे, आणि स्वतःच्या जागेवरचंही उपटायचे.

मंडळीचा नियम असा: बाप्तिस्मा एकदाच. बाहेर जाऊन दुसऱ्यांदा घेतला तर माणूस सभासद राहत नाही, आणि सभासद नसलेल्याला कब्रस्तानात जागा नाही. पाळक साहेबराव स्वभावानं मऊ, पण या नियमावरून ते तसूभर हलत नाहीत. म्हणजे मामा शेततळ्यात उतरले तर मेल्यावर आत्यांच्या शेजारी नाहीत. एवढं स्वच्छ होतं ते.

मिथुनलाही ते ठाऊक होतं. तरी तो रोज सुरू. "अप्पा, तुम्ही तान्हे होते तवा टाकलेलं पाणी ते. तुम्हाला काय कळलं त्यातलं? मातीत कुठं ठेवतेत ह्याला काय महत्त्व हाय? वर गेल्यावर तुम्ही मला दिसले न्हाई तर मी काय करू?"

हे म्हणताना त्याचा आवाज फाटायचा. मी त्याची चेष्टा करते खरी, पण तो ढोंगी नाही. त्याला खरोखर भीती वाटत होती. आई तशीच गेली, आता बापही तसाच जाईल, आणि आपण एकटेच वर पोचू, ही भीती. असल्या माणसाशी भांडतासुद्धा येत नाही धड.

मामा ऐकून घ्यायचे, पेपर वाचायचे. आणि एका दुपारी पेपर घडी घालून म्हणाले, "बरं. घेतो मी. सांग तुझ्या पास्टरला."

मिथुननं त्यांना मिठीच मारली आणि तसाच गाडी काढून पास्टरकडे पळाला. मी ब्लाऊजला हुक लावत होते. सुई बोटात गेली.

"मामा," मी म्हटलं, "काहून हो म्हणालात? आत्यांची जागा?"

"जागा काय, जागाच असते."

"तुम्ही तिथलं गवत उपटता दर आठवड्याला. मला शिकवू नका. पोराला खूश करायला बाईला सोडून दुसरीकडं निजणार तुम्ही?"

मी जरा जास्तच बोलले. माझं तोंड असंच आहे. मामा रागावले नाहीत. उठून दार लोटून आले, माझ्यासमोर स्टुलावर बसले आणि म्हणाले, "पोरी, माझा बाप्तिस्मा झालाच न्हाई."

मला वाटलं, मिथुनचं बोलणं यांच्या डोक्यात भिनलं. पण ते वेगळंच सांगत होते.

मामांच्या आधी त्यांच्या आईला एक मुलगा झाला होता. त्याचंही नाव भिवा. भोकरदनकडच्या खेड्यात राहायचे हे लोक, पाळक तिथं हंगामातून एकदा यायचे. त्या पहिल्या भिवाचा बाप्तिस्मा झाला आणि वर्षाच्या आतच तो तापानं गेला. पुरण्याआधी मामांच्या आजीनं त्याच्या कानामागं काजळाचं बोट लावलं. पुढं मामा जन्मले, आणि त्यांच्या कानामागं काळा डाग. आजी म्हणाली, माझा भिवा फिरून आला. नाव तेच ठेवलं. आमच्या धावड्यालाही असंच करतात, गेलेलं लेकरू परत आलं म्हणून तेच नाव ठेवतात, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. नवल पुढं होतं.

"पाळक आले," मामा म्हणाले, "आईनं मला पुढं केलं. तर आजी म्हणली, ह्याला कशाला? ह्याचा झालाय की. एका लेकराला दोनदा पाणी लावत न्हाईत, तुम्हीच सांगितल्तं. पाळक नवीन होते, त्यांना काय ठाऊक! ते म्हणले, बराबर हाय, बाप्तिस्मा एकदाच. मला आशीर्वाद दिला अन् गेले. आई गप बसली. सासूपुढं कोण बोलणार?"

मी सुई खाली ठेवली. आजी खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी तो तोच होता. येशूवर तिचा विश्वास होता आणि गेलेलं लेकरू त्याच पोटी परत येतं यावरही होता, आणि दोन्ही एकाच पदराला बांधून ती बिचारी निवांत मेली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"मिथुनच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी. घरी पेढे वाटून राह्यलो होतो. आई म्हातारी झाल्ती, सहज बोलून गेली. म्हणली, ह्याला लागलं बाबा पाणी, तुला काही लागलं न्हाई, तुझं भावाच्याच पाण्यावर चाललं. मी तवा नुकताच मंडळीचा वडील झाल्तो. त्याच सकाळी प्याला धरल्ता मी."

"मग सांगायचं होतं."

"आज सांगू, उद्या सांगू. सोनूबाई पहिल्या बाकावर बसायची. तिला काय सांगू? तुझ्या नवऱ्याला प्याला धरायचा हक्कच न्हाई म्हणून? ती गेली, तरी सांगितलं न्हाई." मामांनी डोळे पुसले. "मला ते पाणी पाहिजे, पोरी. मरायच्या आधी पाहिजे. मिथुन म्हणतो त्याच्यासाठी न्हाई. मी दुसऱ्याच्या ताटात जेवून राह्यलोय इतकी वर्षं. मला माझं पाहिजे. शेततळ्यात घेतलं तर लोकं म्हणतील, म्हातारा पोराच्या नादी लागला. बस, एवढंच म्हणतील. जागा जाईल. लाज तरी राहील."

मला त्यांची दया आली आणि रागही तेवढाच आला. "अहो, पण तुमचा हा पहिलाच आहे! दुसरा कुठाय? साहेबराव पाळकांना जाऊन सांगा, ते हक्कानं देतील. जागाही राहील."

"अन् सगळ्या मंडळीपुढं उभं राहू? चाळीस वर्षं ज्यांना प्याला दिला त्यांच्यापुढं? बिलकुल न्हाई. अन् तूबी कुणाला बोलायचं न्हाई."

मी शब्द दिला. देऊन पस्तावले.

शनिवारी आम्ही शेततळ्यावर गेलो. निळं प्लास्टिक अंथरलेलं मोठं तळं, कडेनं दोर बांधलेला, कारण ते प्लास्टिक शेवाळानं असं निसरडं होतं की नवा जन्म राहिला बाजूला, आहे तोच जायचा. लोक चटयांवर बसून टाळ्या वाजवत गात होते. पास्टर आदिनाथ कमरेएवढ्या पाण्यात उभे. तरुण माणूस, मिथुनपेक्षा लहान. त्यांना नावं ठेवायला मी तयारीत गेले होते, पण त्यांनी म्हाताऱ्याला दोर धरून इतकं जपून पाण्यात घेतलं की माझी पंचाईत झाली. मिथुन काठावर टॉवेल घेऊन उभा होता. लग्नात तो इतका खूश दिसला नव्हता.

जुन्या मंडळीतून येणाऱ्याला तिथं आधी एक प्रश्न विचारतात. पास्टरनी मोठ्यानं विचारला, "काका, भिवा नावाच्या लेकराला जे पाणी लावलं गेलं, तो खरा बाप्तिस्मा नव्हता, हे तुम्ही मान्य करता का?"

मला वाटलं, आता काय, हो म्हणतील आणि सुटतील. मामांना ते पाणी लागलंच नव्हतं. त्याला खोटं म्हणायला त्यांचं काय जात होतं?

मामांनी दोर आणखी घट्ट धरला. पास्टरनी पुन्हा विचारलं. काठावरून मिथुन हळूच म्हणाला, "हो म्हणा अप्पा."

"मला म्हणता येत न्हाई," मामा म्हणाले.

गाणं थांबलं.

"ते पाणी माझं न्हाई, पास्टर. माझ्या मोठ्या भावाचं हाय. त्याचं नाव भिवा होतं. तो वरिसभराचा व्हायच्या आत गेल्ता. माझा बाप्तिस्मा झालाच न्हाई कधी, मी त्याच्याच पाण्यावर मंडळीत बसलो, अन् प्याला वाटला." ते सगळ्यांसमोर, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून, हळू पण स्पष्ट बोलत होते. "माझी आई मरेपर्यंत म्हणायची, पहिला भिवा देवापाशी हाय, त्याला पाणी लागल्तं. त्याला कळलं न्हाई, पश्चात्ताप न्हाई केला, खरं हाय. त्याला बोलतासुद्धा येत नव्हतं. पण ते पाणी खोटं होतं असं मी म्हणलो, तर मंग त्या लेकराला मी कुठं ठेवू?"

मी मिथुनकडे पाहिलं. तो वडिलांकडे बघत नव्हता, पाण्याकडे बघत होता.

पास्टर आदिनाथ म्हणाले, "काका, मला याचं उत्तर येत नाही. वर चला, गार पडाल." आणि मामांचा हात धरून, दोराला धरून, त्यांना वर आणून सोडलं. ते आधी स्वतः कोरडे झाले नाहीत, मामांच्या खांद्यावर टॉवेल टाकला. त्या दिवसापासून मी त्या माणसाला नावं ठेवत नाही.

परतताना रिक्षात, जालना जवळ आल्यावर, मिथुन म्हणाला, "म्हंजे माझा बाप्तिस्मा झाला, तवा तुम्ही मला पुढं घेऊन गेले, अन् तुमचा स्वतःचाच..."

"तुला पुढं नेलं तवा मला ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर कळलं."

"अन् आईला?"

"न्हाई सांगितलं."

मिथुननं तोंड फिरवलं आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिला.

एकदा तोंडातून निघालं ते निघालं. सोमवारी मामा स्वतःच साहेबराव पाळकांकडे गेले. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाले. पाळकांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, हा पहिलाच, नियम आड येत नाही. पण आपल्याकडे बाप्तिस्मा कोपऱ्यात होत नाही, मंडळीपुढेच होईल. मामा हो म्हणाले. वडीलपण त्यांनी तिथंच सोडलं. कमिटीत दोघंतिघं भडकले: बाप्तिस्मा नसलेल्याच्या हातून आम्ही इतकी वर्षं प्याला घेतला! आमच्या गल्लीतल्या एकांनी तर मामांना पाहून रस्ता बदलला. मामा घरी येऊन म्हणाले, "त्याचंबी बराबर हाय." मला नाही पटलं ते. मी त्या गृहस्थांच्या बायकोचा ब्लाऊज मुद्दाम चार दिवस उशिरा दिला.

रविवारी सकाळी मिथुन लवकर आवरून बाहेर पडला, नेहमीसारखा, आपल्या फेलोशिपला. बापाशी तो आठवडाभर कामापुरतंच बोलला होता. मामांनी त्याला "येतो का?" असं विचारलं नाही. दाढी करताना त्यांनी गाल कापून घेतला. कापूस लावून आम्ही दोघं चालत निघालो.

चर्चमध्ये मामा शेवटच्या बाकावर बसले. लोक माना वळवून बघत होते, आणि मामा खाली. हात मांडीत घट्ट धरलेले. त्या माणसाची मला इतकी काळजी वाटत होती की गाणं कुठलं चाललंय तेही कळेना. ते उठून चालू लागतील असं मला सारखं वाटत होतं.

उपदेश संपला. पाळकांनी नाव घेतलं आणि मामा उठले. सगळ्या बाकांमधून त्यांना पुढं जायचं होतं, ते गेले. बाप्तिस्म्याचं पाणी ठेवलेल्या छोट्या हौदाजवळ उभे राहिले. एवढा उंच माणूस, आक्रसून गेल्यासारखा दिसत होता.

आमच्याकडे पाळक आधी विचारतात की याला कोण आणतं. लेकरांचे आईबाप उभे राहतात. मामांचे आईबाप कुठून यायचे? म्हणून मी उभं राहायचं, असं आमचं ठरलं होतं. काय बोलायचं ते मी घरी पाठ केलं होतं.

"या माणसाला बाप्तिस्म्यासाठी कोण आणतं?" साहेबराव पाळकांनी विचारलं.

मी अर्धी उठले, तेवढ्यात मागून आवाज आला. "मी."

मिथुन दारात उभा होता. हेल्मेट हातात तसंच. किती वेळ उभा होता कोण जाणे. ज्या पाण्याला तो वर्षभर खोटं म्हणत होता त्याच पाण्याकडे तो सगळ्या मंडळीदेखत चालत गेला. हेल्मेट पहिल्या बाकावर ठेवलं आणि बापाचा दंड धरला. नुकत्याच चालायला लागलेल्या लेकराला धरतात तसा.

मामांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

पाळकांनी आणणाऱ्याला विचारायचं ते विचारलं, "याचं नाव काय ठेवलंय?"

मामा काही सांगायला गेले, तर मिथुननं मान हलवली. हे सांगायचं काम आणणाऱ्याचं असतं.

"भिवा," तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हा दुसरा. पहिला देवापाशी हाय."